पोप कोण झाले हे विचारताय, ते कोणी निवडले हेही बघा

पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 ला गेले. 8 मे रोजी आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, तेव्हा व्हॅटिकनमधल्या सिस्टाईन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर, म्हणजे नवा पोप निवडल्याची खूण, निघाला. मी वसईची कॅथलिक आहे हे ज्यांना माहीत आहे, त्या बहुतेकांनी मधल्या दिवसांत मला एकच विचारलं : आता कोण? कोणाला भारतीय पोप हवा होता, कोणाला आफ्रिकन. काहींनी तर सट्टाबाजारातले भाव पाठवले. अमेरिकेत जन्मलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट 'लिओ चौदावे' या नावानं पोप झाले आणि सूर बदलला. "म्हणजे शेवटी अमेरिकेनंच बाजी मारली."

लोकांनी आस्थेनं विचारलं, याचा मला आनंदच आहे. पण या सगळ्या चर्चेत जी गोष्ट सर्वांत मोठी होती तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं. म्हणून हे लिहिते आहे. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी फ्रान्सिस यांच्याविषयी. 14 फेब्रुवारीपासून 38 दिवस ते रोमच्या जेमेली रुग्णालयात होते, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी ते रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. बहुतेक वर्षी या दिवशी ते तुरुंगात, नाहीतर निर्वासितांच्या छावणीत जाऊन लोकांचे पाय धुवायचे. 2013 साली पोप झाल्यावर पहिल्याच पवित्र आठवड्यात त्यांनी बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचे आणि मुसलमान मुलांचे पाय धुतले, तेव्हा चर्चमधलेच कितीतरी जण नाराज झाले होते. 2025 मध्ये अंगात वाकायची ताकद नव्हती. मग ते नुसतेच जाऊन भेटले. ईस्टरच्या रविवारी बाल्कनीत येऊन आशीर्वाद दिला, गाडीतून सेंट पीटर्स चौकातल्या गर्दीत फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास गेले.

जगभरातल्या प्रतिक्रियांमध्ये मला सर्वांत जास्त हलवून गेली ती गाझाची. तिथं होली फॅमिली नावाचं एकच कॅथलिक चर्च आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तिथं फोन करायचे. आज काय जेवलात, मुलं कशी आहेत, एवढंच विचारायचे. शेवटचा फोन मृत्यूच्या दोन दिवस आधी, शनिवारी झाला. मोठ्या नेत्यांचे शोकसंदेश आपण सगळ्यांनी वाचले. पण संध्याकाळी येणारा फोन आता येणार नाही हे ज्यांना कळलं, त्यांचं दुःख मला जास्त खरं वाटतं.

आपल्या सरकारनं तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. त्यावर काहींनी रागानं विचारलं की एका परदेशी धर्मगुरूसाठी आपला तिरंगा का उतरवायचा? पोप हे व्हॅटिकन या राष्ट्राचे प्रमुख असतात आणि भारताचे त्या राष्ट्राशी राजनैतिक संबंध आहेत, हे तांत्रिक उत्तर झालं. माझं उत्तर वेगळं आहे. या देशात कोट्यवधी कॅथलिक राहतात. त्यांच्या घरात शोक असताना देशानं झेंडा अर्ध्यावर आणला, ही मला सगळ्या देशानं केलेली विचारपूस वाटली. त्याच दिवसांत पहलगामला निरपराध पर्यटकांना मारलं गेलं आणि आमच्या प्रार्थनांमध्ये ती नावंही आली. एक शोक दुसऱ्याच्या आड येत नाही. 26 तारखेला अंत्यविधीला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू स्वतः गेल्या. त्यांच्यासोबत गोव्याच्या विधानसभेचे उपसभापती जोशुआ डिसोझाही होते.

अंत्यविधीची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. पहिल्या रांगेत राष्ट्राध्यक्ष, राजे, पंतप्रधान. पण फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये पुरून घ्यायला नकार दिला होता. त्यांनी निवडलं रोम शहरातलं सांता मारिया माज्जोरे हे मरियेचं चर्च. शवपेटी तिथं पोचली तेव्हा पायऱ्यांवर वाट पाहत उभे होते ते गरीब, बेघर, स्थलांतरित, कैदी आणि तृतीयपंथी लोक. प्रत्येकाच्या हातात पांढरं गुलाब. नेते मागे, चौकात राहिले. शेवटचा निरोप या माणसांनी दिला. थडग्यावर एकच शब्द आहे, फ्रान्सिस्कुस.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या पायऱ्यांवर जे झालं तेच फ्रान्सिस यांनी बारा वर्षं, गाजावाजा न करता, पोप निवडणाऱ्या मंडळाच्या बाबतीत केलं होतं.

पोप निवडतात 80 वर्षांखालचे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू. कार्डिनल कोणाला करायचं हे पोप एकटे ठरवतात. शतकानुशतकं काही शहरांचा हा जणू वतनी हक्क होता. मिलान किंवा व्हेनिसचा आर्चबिशप झाला की कार्डिनलची लाल टोपी ठरलेली. विसाव्या शतकातले पाच पोप या दोन शहरांतून आले. 2025 मध्ये या दोन्ही शहरांचे जे प्रमुख होते, त्यांना फ्रान्सिस यांनी कार्डिनल केलं नाही. त्यांनी टोंगा बेटांवरच्या बिशपना केलं. हैतीला इतिहासातला पहिला कार्डिनल दिला, म्यानमारला दिला, पापुआ न्यू गिनीला, पूर्व तिमोरला, दक्षिण सुदानला दिला. मंगोलियात सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास कॅथलिक आहेत. आमच्या वसईतल्या एखाद्या मध्यम धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, त्याहून जास्त श्रद्धावंत असतील. तिथल्या मिशनरी बिशपनाही त्यांनी कार्डिनल केलं.

2013 मध्ये फ्रान्सिस निवडले गेले तेव्हा 115 मतदार होते, 48 देशांतले, आणि त्यातले 28 एकट्या इटलीचे. या वेळी 133 मतदार, सुमारे 70 देशांतले, इटलीचे विसापेक्षा कमी. या 133 पैकी 108 जणांना फ्रान्सिस यांनीच नेमलं होतं. निवडणुकीआधी रोममध्ये जमले तेव्हा यातले बरेच जण एकमेकांना नीट ओळखतही नव्हते. काही जाणकारांनी हा दोष मानला. ओळख नाही, म्हणजे निवड लांबणार असं त्यांचं भाकीत होतं. प्रत्यक्षात चौथ्या फेरीत, दुसऱ्याच दिवशी, दोन तृतीयांश म्हणजे किमान 89 मतं एका माणसाला मिळाली. अनोळखी माणसं एकत्र आली की एकमत होत नाही हा आपला समज किती पक्का असतो!

या बदलाचं मोल कळायला थोडं मागं जावं लागतं. 1903 मध्ये लिओ तेरावे वारले. त्यांच्या जागी कार्डिनल राम्पोला यांचं नाव पुढं होतं. तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटानं एका कार्डिनलकरवी भर सभेत आपला नकाराधिकार वापरला. एका राजाला पोपच्या निवडणुकीत 'हा नको' म्हणता येत होतं! निवडून आलेल्या पायस दहाव्यांनी पुढच्याच वर्षी ही प्रथा मोडली. आशिया-आफ्रिकेचा आवाज या खोलीत पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. भारताचे पहिले कार्डिनल मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस, 1953 साली झालेले. गोव्याच्या आईबापांचा कराचीत जन्मलेला हा मुलगा 1958 मध्ये पोपच्या निवडणुकीत मत द्यायला बसला. या वेळी भारताचे चार मतदार होते. त्यात गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव होते. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर 2024 मध्ये 80 वर्षांचे झाल्यामुळे त्यांना मत नव्हतं.

आणि त्या चार मतदारांतलं आणखी एक नाव, हैदराबादचे अँथनी पूला. 2022 मध्ये फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केलं. भारताच्या इतिहासातले पहिले दलित कार्डिनल. भारतीय पोप का झाला नाही म्हणून हळहळणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी विनवते की क्षणभर या नावापाशी थांबा. भारतातल्या ख्रिस्ती समाजात दलितांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, मराठवाड्यात फिरून या, गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबांनीच तिथली चर्चेस भरलेली दिसतील. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, कारण ते ख्रिस्ती झाले. चर्चमध्ये मात्र ते ख्रिस्ती होऊनही दलितच राहिले. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली जाते असं आपण म्हणतो, पण आमच्या वसईतसुद्धा लग्न जमवताना पहिली चौकशी जातीची होते. अशा देशातला एक दलित धर्मगुरू मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याय' या चित्राखाली उभा राहतो, शपथ घेतो आणि जगातल्या 140 कोटी कॅथलिकांचा प्रमुख निवडायला चिठ्ठी टाकतो. माझ्या दृष्टीनं या निवडणुकीची सर्वांत मोठी बातमी ही होती. आपल्या वाहिन्यांवर ती मला कुठं दिसली नाही.

म्हणून 'अमेरिकेनं बाजी मारली' हे मला अजिबात पटत नाही. रॉबर्ट प्रीव्होस्ट शिकागोला जन्मले हे खरं. पण त्यांच्या पौरोहित्याच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं पेरूमध्ये गेली. 2015 पासून ते तिथल्या चिक्लायोचे बिशप होते, पेरूचं नागरिकत्वही त्यांनी घेतलं. बाल्कनीत आल्यावर ते इटालियनमध्ये बोलले, मध्येच स्पॅनिशमध्ये आपल्या चिक्लायोच्या लोकांना नमस्कार केला. इंग्रजीत एक वाक्यही नाही. टोंगा, हैती, हैदराबाद, मंगोलियातलं उलानबातर इथल्या माणसांना जो आपला वाटला, तो वॉशिंग्टनचा माणूस कसा?

त्यांनी घेतलेल्या लिओ या नावाचा आपल्या पुण्याशी एक संबंध आहे, तो अनेक मराठी कॅथलिकांनाही ठाऊक नसतो. लिओ तेरावे कामगारांच्या हक्कांविषयीच्या 1891 च्या पत्रामुळे ओळखले जातात आणि नव्या पोपनीही नाव घेण्याचं कारण सांगताना त्याचाच उल्लेख केला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या श्रमापुढे तसाच प्रश्न उभा आहे, असं ते कार्डिनलांना म्हणाले. पण याच लिओ तेराव्यांनी 1893 मध्ये भारतीय तरुणांना धर्मगुरू होण्याचं शिक्षण मिळावं म्हणून श्रीलंकेत कँडी इथं एक सेमिनरी काढली. इथलं चर्च भारताच्याच मुलांनी चालवावं असं त्यांना वाटत होतं, आणि तेव्हा इथले बहुतेक बिशप युरोपियन होते! ती सेमिनरी 1955 मध्ये पुण्यात आली. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी ती हीच. महाराष्ट्रात आणि बाहेर सेवा करणारे कितीतरी धर्मगुरू तिथं घडले.

11 मेच्या रविवारी पोप लिओंनी पहिल्यांदा चौकातल्या लोकांबरोबर भरदुपारची प्रार्थना म्हटली. पुन्हा युद्ध नको, असं ते म्हणाले, आणि युक्रेन व गाझाबरोबर भारत-पाकिस्तानमधल्या युद्धविरामाचं नाव घेऊन स्वागत केलं. त्या आठवड्यात आपण सायरन आणि काळोखाच्या बातम्या ऐकत होतो. मला तो उल्लेख ऐकून फार बरं वाटलं.

फ्रान्सिस यांचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत 2018 मध्ये चिलीत त्यांनी आधी एका बिशपची बाजू घेतली, पीडितांना खोटं ठरवलं. नंतर आपल्या हातून गंभीर चुका झाल्याचं त्यांनी लेखी कबूल केलं आणि पीडितांना बोलावून माफी मागितली. पीडितांच्या अनेक संघटनांनी त्यांच्या मृत्यूनंतरही सांगितलं की झालं ते पुरेसं नव्हतं. त्यांचं म्हणणं आपण ऐकलंच पाहिजे. शोकाच्या दिवसांत गप्प बसवायचं असं ते म्हणणं नाही.

आणि ज्या मंडळाचं मी इतकं कौतुक केलं, त्या 133 जणांत एकही स्त्री नव्हती. जगात कॅथलिक धर्मगुरूंपेक्षा धर्मभगिनींची संख्या जास्त आहे. आमच्या शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांची केंद्रं, आदिवासी पाड्यांवरची वसतिगृहं त्यांनीच उभी केली, चालवली. त्यांच्या नेत्याच्या निवडीत त्यांना मत नाही. "नियमच तसा आहे" असं मला आमच्यातलेच लोक सांगतात. पण नियम कितीदा बदलले! आधी रोमचे धर्मगुरू आणि लोक मिळून पोप निवडत. 1059 मध्ये तो अधिकार कार्डिनलांकडे आला. 80 वर्षांची अट 1970 मध्ये पोप पॉल सहाव्यांनी घातली. एकोणिसाव्या शतकात व्हॅटिकनचे परराष्ट्र व्यवहार पाहणारे कार्डिनल अँतोनेल्ली कधी पूर्ण पुरोहितही झाले नाहीत, तरी कार्डिनल होते. म्हणजे कार्डिनल व्हायला पुरोहितपण हवंच ही अटही नंतरची आहे. एका पोपच्या सहीनं हे सगळं बदलत आलं आहे.

फ्रान्सिस यांनी जुलै 2022 मध्ये जगभरचे बिशप निवडण्यात मदत करणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्यात तीन स्त्रियांना सदस्य केलं. दोन धर्मभगिनी, एक सामान्य समाजात राहणारी व्रतस्थ स्त्री. त्या उमेदवारांची माहिती वाचतात, मत मांडतात, आणि बिशप कोण व्हावा हे ठरवायच्या बैठकीत बसतात. जानेवारी 2023 मध्ये त्या खात्याला नवे प्रमुख नेमले गेले आणि पुढची दोन वर्षं त्यांनी या स्त्रियांबरोबर एका टेबलावर बसून काम केलं. त्या प्रमुखांचं नाव रॉबर्ट प्रीव्होस्ट.