विंचवाचं बिऱ्हाड आणि मिल्टन कीन्स

२०२५ मध्ये हैदराबादचा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल, म्हणजे देशातली अव्वल फुटबॉल लीग) क्लब दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर जुनं दुखणं पुन्हा वर आलं. कारण हैदराबादची ती जागा मुळात पुण्याची. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी पैशांच्या अडचणीत बुडाला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला. पुण्याचे प्रशिक्षक फिल ब्राऊन आणि संघातले काही खेळाडूही तिकडेच गेले. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. म्हणजे दिल्लीचा क्लब ओडिशाला, पुण्याची जागा हैदराबादला आणि तिथून दिल्लीला. विंचूसुद्धा पाठीवरचं बिऱ्हाड घेऊन इतका हिंडत नसेल.

ग्रुपवर एका मित्राने निकाल देऊन टाकला, "पुणेकरांना काही पडलेलीच नव्हती. इंग्लंडात असं झालं असतं तर लोक रस्त्यावर आले असते." मग सगळ्यांना आठवलं की आपला एक जण इंग्लंडातच राहतो. "तू सांग रे."

मी राहतो मिल्टन कीन्समध्ये. इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्यांना यातला विनोद लगेच कळेल.

आमच्या गावचा क्लब, मिल्टन कीन्स डॉन्स, हा दुसऱ्यांचा उचलून आणलेला क्लब आहे. दक्षिण लंडनच्या विम्बल्डनचा. १८८९ मध्ये सुरू झालेला, खालच्या लीगांतून घासत घासत १९८६ मध्ये अव्वल श्रेणीत पोचलेला आणि १९८८ च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या मानाच्या बाद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० ने हरवणारा. तीनच वर्षांत त्याने आपलं प्लाउ लेन मैदान सोडलं. हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर मोठ्या क्लबांना सगळीकडे खुर्च्या बसवणं भाग पडलं होतं आणि जुन्या मैदानात ते परवडणारं नव्हतं. मग क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू. मधल्या काळात क्लब डब्लिनला न्यायचंही घाटत होतं. शेवटी २००१ मध्ये मिल्टन कीन्स ठरलं, आणि २८ मे २००२ रोजी इंग्लिश फुटबॉल संघटनेने (एफए) नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली.

लोक रस्त्यावर आले होते का? आले होते की. निषेध, बहिष्कार, सगळं झालं. उपयोग शून्य. पुणेकरांना नावं ठेवणाऱ्या मित्राला मला पहिल्यांदा हेच सांगायचं होतं. चाहते ओरडले म्हणून क्लब थांबला, असं इंग्लंडातही झालं नाही.

वेगळं घडलं ते त्यानंतर. चाहत्यांनी विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे सार्वजनिक माळावर, खेळाडूंची निवड चाचणी ठेवली. दोनशेहून जास्त पोरं आली. त्यातून एएफसी विम्बल्डन उभा राहिला. पहिला मैत्रीपूर्ण सामना सटन युनायटेडशी, ४-० ने हरले, पण बघायला साडेचार हजारांवर माणूस. आयोगाने तर लिहून ठेवलं होतं की असा नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही! तो क्लब नवव्या पायरीवरून खेळायला लागला आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, पोचला. २०२० मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवं प्लाउ लेन उघडलं, त्याच्यासाठी चाहत्यांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांवर रक्कम उभी केली. मालकी चाहत्यांच्या संस्थेकडे. गाव करी ते राव न करी, ती ही गोष्ट.

पण हे जमलं ते इंग्रज माणूस जास्त निष्ठावान म्हणून नाही. जमलं, कारण चढायला शिडी होती. नवव्या श्रेणीतला क्लब जिंकत राहिला तर त्याला वर घ्यावंच लागतं. २०१९ च्या पुण्यात कुणी शंभर जणांनी मिळून क्लब काढला असता तर तो चढणार कुठे होता? आयएसएलची जागा विकत मिळत होती, जिंकून मिळत नव्हती. आय-लीगचा, म्हणजे खालच्या राष्ट्रीय लीगचा, विजेता वर घ्यायला सुरुवात झाली ती २०२३ मध्ये, आधी पंजाब, मग मोहमेडन. बालेवाडीच्या स्टेडियमवर पुणे सिटीसाठी घसा कोरडा करणाऱ्या पोरांना "काही पडलेली नव्हती" म्हणणं हा म्हणूनच मला अन्याय वाटतो.

आणि आपल्याकडे मुळं नाहीत, हेही मी मानत नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम हा फुटबॉल संघ नागपूरला हलवतो असं कुणी म्हणून तर बघावं. शाहू स्टेडियमवर त्याचं काय होईल ते सांगायला नको. आपल्याकडे जिथे मुळं आहेत तिथे वरच्या लीगची जागा पोचली नाही, आणि जागा जिथे दिल्या तिथे मुळं धरायला वेळ दिला नाही.

आता माझ्या अडचणीकडे येतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, इथेच जन्मला, आणि त्याच्यासाठी "आपला क्लब" म्हणजे एमके डॉन्स. आयकियाच्या बाजूने चालत स्टेडियम गाठायचं, साडेतीस हजारांच्या त्या काळ्या खुर्च्यांत सहा-सात हजार माणसं विखुरलेली, आणि तरी गोल झाला की हा माझ्या खांद्यावर चढायला बघतो. २०१४ मध्ये याच मैदानावर मँचेस्टर युनायटेडला ४-० ने धुतलं, ते त्याला तोंडपाठ, जन्माआधीचं असूनही. इंग्लंडकडून खेळलेला डेले अली याच गावचा, हेही. बाकीचं इंग्लंड आमच्या क्लबला "फ्रँचायझी" म्हणून हिणवतं. २०१७ मध्ये विम्बल्डनने आपल्या मैदानावरच्या फलकावर पाहुण्यांचं नाव नुसतं "मिल्टन कीन्स" लिहिलं होतं, डॉन्स गाळून, कारण डॉन्स हे मूळ विम्बल्डनचं टोपणनाव. मुलाने विचारलं, "बाबा, ते आपल्यावर एवढे का चिडतात?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "पण मी तर तेव्हा नव्हतोच."

इथे ओळखीचे लोक एक युक्तिवाद करतात आणि मला तो गोड लागतो, म्हणूनच मी त्याला भितो. हे गावच १९६७ मध्ये कागदावर आखलेलं, सगळेच बाहेरून आलेले, मग क्लब बाहेरून आला तर बिघडलं काय? तूही पुण्याहूनच आलास ना? आलो. पण मी माझ्या पायांनी आलो, माझ्या आईवडिलांचं घर पाठीवर टाकून आणलं नाही. ते तिथे आहे, कुलूप उघडायला शेजारच्या काकू आहेत. विम्बल्डनच्या लोकांचं घरच उचललं गेलं होतं. मिल्टन कीन्सला खालून चढायला वीस वर्षं लागली असती, म्हणून घाई केली. विम्बल्डनवाल्यांनी नऊ वर्षांत चढून दाखवलं.

आमच्या क्लबने एक गोष्ट मात्र बरी केली. २००७ मध्ये विम्बल्डनच्या जुन्या चषकांवरचा हक्क सोडून तो वारसा तिथल्या मर्टन पालिकेकडे दिला. आमचा इतिहास आता २००४ पासून, म्हणजे नवं नाव घेतलं तेव्हापासून, सुरू होतो. एफए कप आमचा नाही, आणि घरी आम्ही तसं म्हणतही नाही.

दरम्यान इंग्लंडात २०२५ मध्ये कायदाच झाला. आता क्लबला मैदान सोडून दुसरीकडे जायचं तर स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागते. तेवीस वर्षं उशिरा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी म्हटलं, पुन्हा कुणी पुण्याला क्लब द्यायला आलं तर आधी विचारा, नाव आणि चिन्ह कुणाच्या मालकीचं. मित्राचं उत्तर आलं, "तिकडे बसून सांगायला काय जातंय तुझं?" तोवर मुलगा गळ्यात मफलर अडकवून दारात उभा होता. तीनचा सामना होता.