‘गाठ काढली की आजार गेला’? मेंदूच्या गाठीच्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सतत फिरत असतो. मेंदूतली गाठ सालीत बंद असते, भोवतालच्या चांगल्या पेशी फक्त दाबल्या जातात, ऑपरेशननंतर शेक (किरणोपचार, म्हणजे रेडिएशन) घ्यायची गरज नसते, बायोप्सीची सुई लागली की गाठ पसरते आणि साखर बंद केली की ती उपाशी मरते, असं त्यात म्हटलेलं आहे. यावर विसंबून कोणी उपचार सोडले तर जिवाशी गाठ आहे, म्हणून एकेक दावा तपासू.

‘सालीत बंद’ हे मेनिंजिओमाबद्दल बरंचसं खरं आहे. तो मेंदूच्या आवरणातून वाढतो, मेंदूला बाजूला सारतो आणि अनेकदा पूर्ण निघतो. ग्लायोब्लास्टोमाला मात्र अशी हद्द नसते. मेंदूच्या आधारपेशींसारख्या पेशींच्या गाठींना ग्लायोमा म्हणतात, त्यातला हा सगळ्यात घातक प्रकार. त्याच्या पेशी मज्जातंतूंच्या जुड्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने दूर सरकतात. वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने 1928 मध्ये ग्लायोमाच्या रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धा भागच काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरी आजार उलटला. कपाशीच्या वावरात हराळी वरून खुरपली तरी जमिनीतले धावे राहतातच, तसं हे आहे. एमआरआयमध्ये औषधाने उजळलेला भाग म्हणजे गाठीची कड नव्हे.

‘चांगल्या पेशी फक्त दाबल्या जातात’ हा सगळ्यात चुकीचा दावा. गाठ त्यांना कामाला लावते. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांच्या गटांनी दाखवलं, की मेंदूच्या चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी थेट सायनॅप्स (निरोप पोचवणारे सांधे) जोडतात. चेतापेशीने ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडलं की गाठीच्या पेशीत विद्युतप्रवाह उठतो आणि तिची वाढ व घुसखोरी वाढते. काम करणाऱ्या चेतापेशींकडून सुटणारं न्यूरोलिजिन-3 हे प्रथिनही गाठीला पोसतं. ते नसलेल्या उंदरांच्या मेंदूत माणसाच्या ग्लायोमाची वाढ खुंटली. (म्हणून रुग्णाने बोलणं किंवा विचार करणं थांबवायचं नाही. मेंदू झोपेतही चालू असतो.) गाठीच्या पेशी लांब, बारीक नळ्यांनी एकमेकींनाही जोडलेल्या असतात आणि शेकाचा मारा सोसायला हे जाळं त्यांना मदत करतं. राखणीला असलेल्या मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज पेशी मिळून कधी कधी गाठीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग व्यापतात, पण लढायचं सोडून गाठीला वाट करून देतात.

म्हणूनच शेक लागतो. गाठ बहुतेक वेळा जुन्या जागेपासून 2 सेंटिमीटरच्या आतच उलटते, त्यामुळे शेक त्या कडेच्या पट्ट्यालाही दिला जातो. ग्लायोब्लास्टोमात नेहमीचा हिशेब एकूण 60 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), 30 वेळा, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची कॅप्सूल रोज, उपाशीपोटी, न फोडता. 2005 च्या मोठ्या चाचणीत नुसत्या शेकाने दोन वर्षं जगलेले 10.4 टक्के होते, कॅप्सूल जोडल्यावर 26.5 टक्के. आजार मुळासकट जातो असं आम्ही म्हणत नाही. पण हा फरक फेकून देण्याजोगा नाही. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून या काळात दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. कापूस वेचणीसाठी मध्येच गावी परतून शेकात खंड पाडू नका. मुंबई किंवा नाशिकला जाण्याआधी, रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा.

बायोप्सीने गाठ पसरते म्हणणाऱ्यांनी हे पाहावं, की सुई पोहोचण्याआधीच पेशी दूर गेलेल्या असतात. सुईचा खरा धोका रक्तस्रावाचा, तोही थोड्या रुग्णांत. तुकडा तपासल्याशिवाय गाठीचा प्रकार पक्का होत नाही.

साखर सोडून गाठ उपाशी राहत नाही. यकृत रक्तातली साखर टिकवून धरतं आणि गाठ ग्लुटामिन, अ‍ॅसिटेट अशा दुसऱ्या पदार्थांवरही जगते. मात्र सुजेसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने रक्तातली साखर चढते, म्हणून मधुमेह असेल तर ती मोजत राहा. ही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.

गाठ स्वतःही जास्तीचं ग्लुटामेट सोडते आणि त्यातून फिट येते. फिटच्या गोळ्या संपण्याआधी आणून ठेवा. फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटं उलटली किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली, तर लगेच 108 ला फोन करा.