राक्षसाचे नाव काय? (गुण २)

तृतीय वर्षाच्या मुलांनी मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' खरोखर वाचली आहे की नुसते गाईड चाळले आहे, हे वीस गुणांच्या चाचणीतून एकदाचे पाहावे, ही दुर्बुद्धी मला ऐन पावसाळ्यात सुचली. (मूळ कादंबरीचे बीजही १८१६ च्या कुंद, पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी अडकून पडलेल्या मंडळींच्या गप्पांत पडले, तेव्हा पावसात माणसाला भलतेसलते सुचते, यास वाङ्मयीन आधार आहे.)

पहिलाच प्रश्न हा सापळा होता: राक्षसाचे नाव काय? कादंबरीत त्याला नावच नाही. फ्रँकेन्स्टाइन हे त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचे आडनाव. अपेक्षेप्रमाणे निम्म्याहून अधिक वर्ग त्यात अलगद सापडला. एकीने 'ॲडम' लिहिले. आता, 'मी तुझा ॲडम व्हायला हवा होतो' असे तो बिचारा आपल्या निर्मात्याला सुनावतो खरा, म्हणून दहा मिनिटे पेन हवेत धरून मी तिला एक गुण दिला. 'नाव दिलेले नाही, प्रश्नातच गडबड आहे,' असे लिहिणाऱ्याला मात्र पूर्ण दोन द्यावे लागले, जरी त्याचा सूर मला मुळीच आवडला नाही.

त्यात प्राण कसे फुंकले, या प्रश्नावर विजा कडाडल्या, खटके ओढले गेले आणि एका कुबड्या मदतनिसाने चांगला मेंदू फोडून वाईट मेंदू आणला. हे सारे १९३१ च्या चित्रपटातले. १८१८ च्या पुस्तकात नोव्हेंबरची उदास रात्र आहे, खिडकीवर पाऊस आहे, विझत आलेली मेणबत्ती आहे आणि एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. नेमकी कृती बाईंनी मोठ्या हुशारीने गुलदस्त्यात ठेवली आहे. मेंदूच्या अदलाबदलीचे वर्णन एकाने इतके जीव ओतून केले होते की त्याखाली लाल रेघ मारताना मलाच अपराधी वाटले.

वॉल्टन पत्रे कोणाला लिहितो, हा प्रश्न बहुतेकांनी कोराच सोडला. राक्षसाच्या आशेने पुस्तक उघडणाऱ्याला आधी सेंट पीटर्सबर्गहून एका दर्यावर्दी भावाने बहिणीला लिहिलेले पत्र वाचावे लागते, आणि पुढे अशी आणखी तीन. विद्यार्थिदशेत मीही सेंट पीटर्सबर्गहूनच परत फिरलो होतो, हे स्टाफरूममध्ये कोणाला ठाऊक नाही.

राक्षस भाषा शिकतो ती झोपडीच्या भिंतीच्या फटीतून दुसऱ्याची शिकवणी ऐकून. पुढे रानात सापडलेल्या पेटीतून प्लुटार्क, मिल्टन आणि गटे वाचून काढतो. हे अचूक लिहून एका मुलाने खाली पुस्ती जोडली होती, 'सर, त्याला हजेरीची अट नव्हती.'

शेवटचा प्रश्न चार गुणांचा: खरा राक्षस कोण? फाशी गेलेल्या निरपराध जस्टिनपासून उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फापर्यंत सगळा तपशील तोंडपाठ असलेल्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने लिहिले होते, 'याबाबत दोन्ही मते प्रचलित आहेत.' हे वाक्य गाईडच्या कितव्या पानावर आहे, तेही मी सांगू शकतो. आणि आधीचे सर्व प्रश्न कोरे सोडलेल्या एका उत्तरपत्रिकेत, इंग्रजीच्या पेपरात चक्क मराठीत, दोन ओळी होत्या: 'पुस्तक वाचलेले नाही, मैत्रिणीने बसमध्ये गोष्ट सांगितली. पण स्वतः जन्माला घातलेल्या जिवाचे तोंड पाहून जो त्याच रात्री पळून गेला, त्याला आधी विचारा.'

चारपैकी चार दिले. वीसपैकीही चारच झाले, म्हणजे नापास. ती उत्तरपत्रिका मी गठ्ठ्यातून तीनदा काढली आणि तीनदा परत ठेवली. तेवढ्यात गुणपत्रकासाठी तिष्ठत उभ्या असलेल्या कार्यालयातल्या भाऊंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले,

"सर, ह्याच्यावर नावच नाही."