झडती रांगेतल्यांचीच का?

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावाहून माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादांनी, गेल्या महिन्यात एक लांबलचक निरोप पाठवला. रेशनचे मोफत धान्य न्यायला लोक मोटारसायकलवर येतात, नेलेला तांदूळ दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला विकतात, आणि याचा भार कर भरणाऱ्यांवर पडतो, तेव्हा ही खिरापत थांबवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दादा कष्टाने वर आलेले आहेत आणि त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण न्यू जर्सीत राहून मी हीच तक्रार जवळपास याच शब्दांत एकोणीस वर्षे ऐकत आलो आहे, म्हणून तिला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

अमेरिकेत गरिबांना रेशनच्या दुकानातून धान्य मिळत नाही. दरमहा एका कार्डावर पैसे जमा होतात आणि त्यांतून किराणा घेता येतो. ‘फूड स्टॅम्प’ या जुन्या नावानेच लोक या योजनेला ओळखतात, कागदोपत्री मात्र २००८ पासून ती ‘स्नॅप’ आहे. २०२४ मध्ये सुमारे चार कोटी सतरा लाख लोक, म्हणजे आठांतील एक माणूस, तिच्यावर अवलंबून होते आणि माणशी महिन्याला सरासरी १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सहा डॉलरच्या आसपास, मिळत होते. १९७६ च्या प्रचारात, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन शिकागोतील एका स्त्रीने लबाडीने सरकारी मदत लाटल्याची गोष्ट सभांमधून सांगत. ती लबाडी खरी होती. पण त्या एका बाईमुळे कार्ड पुढे करणारी प्रत्येक बाई आजही संशयाने पाहिली जाते. आमच्या दुकानात एका आईने भाजलेली गरम कोंबडी गल्ल्यावर ठेवली, तेव्हा या कार्डावर गरम पदार्थ चालत नाही म्हणून तिला ती परत ठेवावी लागली. तीच कोंबडी थंड करून फडताळात ठेवलेली असती तर चालली असती. मागे उभ्या असलेल्या माणसांनी तिच्या टोपलीतील एकेक वस्तू डोळ्यांनी मोजली, हे मी पाहिले आहे.

गैरवापर होत नाही असे मी म्हणत नाही. कार्डावरील रक्कम दुकानदाराला कमी भावात विकून रोकड घेणारे लोक इथे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ ते २०१४ या काळासाठी त्याचे प्रमाण सुमारे दीड टक्का धरले होते. २०२४ साठीचा जो ‘१०.९३ टक्के’ हा आकडा चोरी म्हणून फिरवला जातो, तो मात्र जास्त आणि कमी अशा दोन्ही बाजूंनी चुकलेल्या रकमांचा आहे, आणि त्यातील बहुतेक चुका कार्यालयाच्या किंवा कुटुंबाच्या हिशोबातल्या असतात. उलट, बहुतेक राज्यांच्या या कार्डांना अजून चिप नाही, त्यामुळे चोर कार्डाची माहिती टिपणारी यंत्रे लावून गरिबांचेच पैसे पळवतात, आणि चोरीला गेलेली रक्कम केंद्राच्या पैशातून भरून देण्याची सोय डिसेंबर २०२४ मध्ये संपली.

आता गावाकडे येऊ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिना पाच किलो धान्य देऊ केले, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्राने त्यासाठी खेड्यात वर्षाला ४४ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरवली होती. दोनशे रुपये रोजाने वर्षात अडीचशे दिवस राबणारा मजूर पन्नास हजार कमावतो; म्हणजे प्रामाणिकपणे उत्पन्न सांगितले तर तोही अपात्र ठरतो. ज्या मर्यादेत खरे बोलणारा मजूर बसत नाही, तिच्या आधारे कोणाला लबाड म्हणावे? वीस किलोमीटरवरच्या कामाला जाण्यासाठी घेतलेली जुनी मोटारसायकल ही श्रीमंतीची खूण नव्हे. शिवाय किती लोकांना धान्य द्यायचे याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला असल्यामुळे त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांना नाव चढवण्यासाठी खेटे घालावे लागतात.

तांदूळ विकण्याबद्दल दादांना खरी चीड आहे. आमच्या भागात पोटभर जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. ज्या घराला तांदूळच जास्त मिळतो, ते त्यातला थोडा विकून ज्वारी किंवा तेल आणते, आणि ते शेवटी पोटातच जाते. अमेरिकेतील कार्डाने निवड माणसाच्या हाती दिली आहे, म्हणून तेवढ्यासाठी कोणाला काही विकावे लागत नाही. खरी लूट वेगळी होती: गोदाम आणि दुकान यांच्यामध्ये पोतीच्या पोती गायब होत. केंद्र सरकारच्या शांता कुमार समितीने २०१५ च्या अहवालात रेशनच्या धान्याच्या २०११-१२ मधील गळतीचा अंदाज सुमारे ४७ टक्के दिला होता. अंगठा घेणाऱ्या यंत्रांनी दुकानदाराच्या खोट्या नोंदींना आळा घातला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच यंत्रावर आयुष्यभर खुरपे धरलेल्या हातांचा थम लागत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कार्डावरचे पैसे अडकले. मी दर शनिवारी जिथे अन्नवाटपाला जातो, तिथे त्या आठवड्यात चांगल्या नव्या गाड्यांची रांग लागली होती. माझ्या शेजारी काम करणाऱ्या एका गृहस्थांनी नाराजीने मान हलवली. नंतर बोलण्यातून कळले की त्या गाड्यांतले अनेक जण महिनाभर पगार न झालेले सरकारी कर्मचारी होते. गाडीचे हप्ते चालू होते आणि घरातले दूध संपले होते.

आमची आत्या एकटी राहते. गेल्या दिवाळीआधी तिचा थम तीन फेऱ्यांत लागला नाही, आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असल्याने ओटीपीही आला नाही. तो महिना तिने धान्याविना काढला आणि आम्हा दोघांनाही सांगितले नाही. मी दादांना कळवले की गावात कोण किती लाटतो याची मोजदाद तुम्ही जरूर करा, पण त्या महिन्यात आत्यासारखे किती जण रिकामी पिशवी घेऊन परतले, तेही दुकानदाराला विचारा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आत्याचा नवा क्रमांक आधारला जोडण्यासाठी ते तिला घेऊन तालुक्याला निघाले होते.