आधी कॅलेंडर, मग कथानक

पूर्ण सीझन लिहून झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका, हा वेब सिरीजच्या लेखनावरच्या तुमच्या लेखातला सल्ला विनोदी वेब सिरीज करणाऱ्या प्रत्येक छोट्या टीमने मनावर घ्यावा. आम्ही मालवणकडे मालवणीत सिरीज करतो, म्हणून थोडी भर घालते. इथे कथानकाआधी कॅलेंडर मांडावं लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या किनाऱ्यावर. माणसं मोकळी असतात, पण पत्र्यावरच्या पावसात संवाद ऐकू येत नाहीत. ते दिवस लिखाणाचे. शिवाय श्रावणात हिरवागार असलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दिवाळीनंतर काळा, कोरडा पडतो. एकच प्रसंग तोडून दोन वेगळ्या ऋतूंत शूट केला की प्रेक्षक लगेच पकडतात. गणपतीला चाकरमानी आले की सगळी पात्रं एका ओटीवर आपसूक जमतात, तो भाग सीझनच्या मध्यावर ठेवा. पुढच्या भांडणांना तिथूनच कारण मिळतं.

संवाद मात्र शब्दन् शब्द पक्के करावेत, हे लेखातलं म्हणणं मला पटत नाही. दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्यात आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आमच्यातले काही नट तिथलेच. प्रसंग कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कोण काय लपवतंय, एवढं सांगितलं की ते कागदापेक्षा सरस बोलतात. पण सीझनभराचा धागा, आमच्याकडे सामायिक घराची वाटणी, तो काटेकोर लिहिलेलाच हवा. कुणाची सही कुठल्या भागात झाली हे चुकलं तर पुढचं सगळं कोसळतं.

दुसऱ्या सीझनसाठी काय राखून ठेवावं, यावरही सविस्तर लिहा ना.