फुलदाण्यांचा नाद

"हे पिठलं लागलं का गं भांड्याला?"

सांगलीहून आलेल्या आईने फ्रँकफर्टच्या आमच्या घरात पाऊल ठेवल्यावर विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रवास कसा झाला, विमानात खायला काय दिलं, हे सगळं नंतर. समोर कपाटावर होती ती पश्चिम जर्मनीत १९७० च्या आसपास झालेली नारिंगी फुलदाणी. तिच्या पोटाभोवती काळा, खरबरीत, फुगून फुटलेला पट्टा होता, आणि त्या पट्ट्याचेच मी पस्तीस युरो मोजले होते. पट्टा नसता तर पाचसुद्धा दिले नसते.

"ती कलाकुसर आहे, आई."

"बरं," आई म्हणाली आणि घासणी कुठे ठेवतेस ते विचारलं.

नव्वद दिवसांचा व्हिसा होता. पहिल्या संध्याकाळीच तिने सगळ्या खोल्या फिरून मोजदाद केली. एकसष्ट. मी स्वतः मोजायचं दोन वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

सुरुवात अगदी साधी झाली. इथे घरातलं मोठं सामान टाकायचं असलं की पालिकेला कळवायचं आणि ठरलेल्या दिवशी ते फुटपाथवर मांडून ठेवायचं. या कचऱ्याला श्पेरम्युल म्हणतात. गाद्या, मोडक्या खुर्च्या, दिव्यांच्या छत्र्या. त्यात एका संध्याकाळी माझी पहिली फुलदाणी उभी होती, पावसात भिजत, तपकिरी-लाल. मी उचलून उपडी केली. तळावर उठावाची अक्षरं : डब्ल्यू. जर्मनी, ५१७-३०. मला वाटलं तारीख असेल. नवऱ्याला वाटलं किंमत असेल, आणि पाचशे सतरा युरोंची वस्तू कोणी रस्त्यावर टाकलीय म्हणून तो दोन्ही बाजूंना बघत माझ्या आधी घराकडे चालू लागला.

रात्री शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. ५१७ हा आकाराचा क्रमांक आणि ३० ही सेंटिमीटरमधली उंची. मी पट्टी लावली. बरोबर तीस. त्या क्षणी डोक्यात काहीतरी खट्कन बसलं ते आजतागायत निघालेलं नाही. बहुतेक कारखाने तळावर नावच घालत नसत. नावाचा कागदी बिल्ला चिकटवायचे, तो पहिल्याच पाण्यात जायचा. त्यामुळे उरतो तो आकडा, मातीचा रंग आणि तुमची नजर. नवऱ्याने या सगळ्या विद्येतून एवढंच उचललं, की तो नातेवाइकांना क्रमांक देतो. त्याचा आतेभाऊ ४-१८२ आहे. माझा क्रमांक काय, हे मी विचारलेलं नाही.

या वस्तूंना 'मिड-सेंच्युरी' म्हणायचं की नाही यावर जमवणाऱ्यांत भांडणं आहेत. शतकाचा मध्य म्हणजे पन्नास साल. मग शहात्तर सालची फुलदाणी त्यात कशी, असं काटेकोर लोक विचारतात. माझं मत असं, की आपल्याकडे पाच मिनिटं जेवढी ताणता येतात तेवढा शतकाचा मध्य ताणायला काय हरकत आहे? इंग्लंडमधल्या जमवणाऱ्यांनी या खरबरीत झिलईला 'फॅट लाव्हा' असं नाव दिलं आणि २००६ साली किंग्ज लिन गावात तिचं प्रदर्शन भरल्यावर ते रूढ झालं. जर्मनांना हे नाव इंग्रजीत ऐकावं लागतं आणि ऐकून हसू येतं. त्यांच्या लेखी ती आजीच्या घरातली फुलदाणी.

आईला मी हे सगळं समजावलं. कारखान्यात पातळ माती साच्यात ओतायची, वाळली की भाजायची, वर झिलई द्यायची. त्या झिलईत सिलिकॉन कार्बाइड घालतात, म्हणजे आपल्या धार लावायच्या दगडात असतं तेच. भट्टीत झिलई वितळते, त्या पुडीतून वायू सुटतो, तो वर यायला बघतो, बुडबुडे फुटतात आणि ज्वालामुखीसारखे खळगे तयार होतात.

"म्हणजे जाळी पडते."

"हो! अनारशासारखी!" मला इतका आनंद झाला, की मी दोन फुलदाण्या आणून तिच्या हातात दिल्या.

आईने एक फिरवून बघितली. "जाळी नाही ही. हा हसलेला अनारसा आहे."

ज्यांच्या घरी अनारसे होत नाहीत त्यांच्यासाठी : अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरला तर तो 'हसला' म्हणतात, आणि करणारी रडते. १९५९ साली राइनबाख गावच्या रुशा कारखान्यात ओट्टो गेरहार्झ यांनी 'व्हल्कानो' नावाची झिलई तयार केली, तिच्यावर जगभरचे लोक जीव टाकतात. आईच्या चार शब्दांनी त्या सगळ्यांची वासलात लावली.

पुढच्या आठवड्यात तिला साथीदारही मिळाली. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या कॉफीला आल्या, माझं कपाट बघून थबकल्या आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलल्या. मी भाषांतर केलं : यांच्या सासूबाईंनी अशा चार दिल्या होत्या, सासूबाई गेल्यावर पंधरवड्यात यांनी त्या फुटपाथवर ठेवल्या. आई म्हणाली, "यांना सांग, मी पण माझ्या सासूबाईंच्या दोन चिनीमातीच्या बरण्या भंगारवाल्याला दिल्या. उगाच जागा अडायची." मी सांगितलं. दोघी इतक्या मनापासून हसल्या, की मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. त्या बरण्या मला आठवत होत्या. खाली पांढऱ्या, वर तपकिरी, गळ्याला फडकं बांधलेल्या, एकीत लिंबाचं आणि एकीत मीठ घातलेल्या कैऱ्या. तसल्याच बरण्या आता पुण्यात दिव्याखाली मांडून 'व्हिंटेज' म्हणून विकतात. हे मी आईला सांगितलं नाही. तिने बाबांना फोन करून भंगारवाल्याचा पत्ता शोधायला लावला असता.

शनिवारी मी तिला बाजारात नेलं. फ्रँकफर्टचा जुन्या वस्तूंचा बाजार मेन नदीच्या काठी भरतो, एका शनिवारी म्युझियमांच्या रांगेसमोर, दुसऱ्या शनिवारी पूर्वेकडच्या बंदराशी. त्या दिवशी म्युझियमांसमोर होता. मागे काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तू आणि पुढे केळ्यांच्या खोक्यात ठेवलेल्या वस्तू, मध्ये फक्त झाडांची एक रांग. बाजाराची वेळ नंतरची असली तरी खरा व्यवहार टेम्पोतून खोकी उतरत असतानाच होतो. त्यामुळे आम्ही अंधारात पोचलो. हातात बॅटऱ्या घेतलेली माणसं खोक्यांत वाकून बघत होती.

"कुणाचं काय हरवलंय?" आईने विचारलं.

आम्ही सगळे तळ बघणारे. आमची एक जमात आहे. कोणाच्याही घरी गेलो तरी यजमान चहा आणायला आत गेले, की आमचा हात शोकेसकडे जातो. मागे एका सत्यनारायणाला मी प्रसाद घ्यायच्या आधी त्यांची फुलदाणी उपडी केली. आत पाणी होतं. सतरंजी बदलावी लागली. तेव्हापासून नवरा मला कार्यक्रमात मधोमध बसवतो.

आणि मला ती दिसली. जमिनीवर ठेवायची, माझ्या मांडीपर्यंत येणारी, कॅडमियम-सेलेनियमचा तो पेटलेला नारिंगी रंग आणि त्यावर ओघळलेला काळा लाव्हा. विक्रेता म्हणाला साठ. अखंड आहे, चाळीस वर्षं एकाच घरात होती, वगैरे. मी पाकीट काढलं. आई खाली वाकली, एक हात फुलदाणीच्या तोंडावर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारली. मग थोडं फिरवून पुन्हा. माठ घेताना मारतात तशी.

"बद्द वाजतोय."

"आई, हा माठ नाही."

"मातीच ना? मग तडा असला की बद्दच वाजणार. बॅटरी दाखव."

मी बॅटरी आतून धरली. भिंतीकडे वळवून ठेवलेल्या बाजूला, लाव्ह्याच्या पट्ट्याच्या आडोशाने, गळ्यापासून तळापर्यंत केसासारखी चीर होती, आणि बाहेरून तिच्यावर कोणीतरी काळा रंग नीट भरला होता. विक्रेत्याने अतोनात आश्चर्य दाखवलं. मी सहा वर्षं तळ बघत होते. आवाज ऐकायचा असतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असणार, सांगलीच्या कुंभारवाड्यात, दर मार्चमध्ये, मी बर्फाचा गोळा खात असताना.

त्या पुढचा अर्धा तास आईने वाटेतली दिसेल ती वस्तू वाजवली. फुलदाण्या, सुपाची भांडी, एक पुतळा. लोक आदराने वाट देऊ लागले. मी रुसून नदीकडे तोंड करून उभी होते, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. ती एका खोक्याशी भाव करत होती. तिला जर्मन येत नाही, विक्रेत्याला मराठी येत नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलेलं दिसत नव्हतं.

त्याने दहा बोटं दाखवली. आईने तीन.

"नाईन," तो म्हणाला.

"बघ, एक उतरला," आई मला म्हणाली. मग चार बोटं दाखवली.

"नाईन!"

"नवावर अडलाय मेला." तिने वस्तू खाली ठेवली आणि पदर सावरून चालू लागली. मी तिला धावत गाठून सांगितलं, की नाईन म्हणजे नऊ नाही, नाईन म्हणजे नाही. आई क्षणभर विचारात पडली. "मग मी इतका वेळ त्याच्याशी कशाचा भाव करत होते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण नाइलाजाने मी त्या माणसाला जाऊन घोटाळा सांगितला. तो इतका हसला, की त्याला खोक्यावर बसावं लागलं. पाच युरोत त्याने ती वस्तू दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून, आईला हात जोडून. काय घेतलं ते मी बघितलंसुद्धा नाही. "याला धरायला कान तरी आहे," एवढंच आई म्हणाली.

पुढचे दिवस बरे गेले. एका रविवारी मी तिला आणि नवऱ्याला क्लाइनह्यूबाखला नेलं. शॉयरिख कारखान्याचं हे गाव, तिथे ते १९५४ पासून ही भांडी करत आले. आता ते झाडांच्या कुंड्या करतात. मी बंद फाटकासमोर उभी राहून फोटो काढला. शेजारचं मिल्टेनबेर्ग म्हणजे लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचं चित्रासारखं गाव. तिथे नवऱ्याला जायचं होतं, तिथे आम्ही वीस मिनिटं थांबलो. "नरसोबाच्या वाडीला कधी एवढ्या भक्तीने आली नाहीस," आई म्हणाली. घरी आल्यावर मला नवा फळ्यांचा रॅक भिंतीत ठोकायचा होता, पण इथे रविवारी भिंतीला भोक पाडलं तर शेजारी आधी पत्र लिहितात आणि मग बोलायचे थांबतात. एकसष्टमधल्या नऊ फुलदाण्या त्यामुळे न्हाणीघरात राहिल्या. आई आंघोळीला जाताना त्यांना बाजूला हो म्हणायची.

ती निघायच्या आदल्या रात्री बॅग वजनकाट्यावर ठेवली. तेवीस किलो चालतात, पावणेपंचवीस भरली. काय काढता येईल ते बघायला मी साड्यांच्या मधलं वर्तमानपत्राचं गाठोडं उलगडलं.

कानवाला चंबू. मी तो उपडा केला. हात थरथरत होते. रुशा, ३१३. हा त्यांचे आकार घडवणाऱ्या कुर्ट त्शोर्नरचा, पन्नासच्या दशकातला. आणि झिलई व्हल्कानो. मी चार वर्षं शोधत होते. हा माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, पाच युरोत विकला गेला होता, मी रुसून बदकं बघत असताना.

"आई, हा इथेच ठेव ना."

"का? तुझ्याकडे एकसष्ट आहेत."

"मी तुला शंभर युरो देते."

आईने माझ्याकडे बघितलं, मग चंबूकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बाजारात समोरच्याने चेहऱ्यावर काही दाखवू नये हा नियम मी तिच्याकडूनच शिकले होते आणि तिच्यासमोरच मोडला होता. तिने चंबू परत गुंडाळला आणि बॅगेतून चॉकलेटचे दोन किलो बाहेर काढले.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला. तिच्या मागे, टीव्हीशेजारी, ३१३ उभा होता. त्यात निशिगंधाच्या चार काड्या. माझ्या घरातल्या एकाही फुलदाणीत आजवर फूल गेलेलं नाही; पाण्याने आत पांढरे वळ पडतात, तळाला ओल मुरते, भाव उतरतो.

"आई! पाणी घातलंस त्यात?"

"मग काय तूप घालू? गळत नाही गं. वाजवून घेतलाय मी."