२४ घोड्यांपैकी माझे साडेसहा

मिनी ट्रॅक्टर घेताना माणूस अश्वशक्ती विचारतो, टायर दाबून बघतो, सीटवर बसून उगाच स्टिअरिंग फिरवतो. हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर अवजारं चालवणारा पंप मिनिटाला किती लिटर तेल फेकतो, हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. हा प्रश्न सुचतो तो थेट होज, म्हणजे तेलाचा पाइप, जोडल्यावर, आणि तोवर ट्रॅक्टर आपल्या दारात उभा असतो.

माझा ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा. रिमोटला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या तेलाच्या तोंडाला, मिनिटाला २० लिटर तेल मिळतं आणि जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १५० बारला उघडतो. आता लिटर गुणिले बार, भागिले ६००, की किलोवॉट हातात येतात. आले पाच. म्हणजे साडेसहा अश्वशक्तीच्या जरा वर, तेही पाइपात आणि व्हॉल्व्हमध्ये जे वाया जातं ते न धरता. उरलेले सतरा घोडे चाकांच्या आणि पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टच्या, चाकरीत. होजच्या टोकाशी ताटकळलेल्या माणसाला ते ओळखही देत नाहीत. बरं, माहितीपत्रकात प्रवाह ३० लिटर छापला होता आणि ते खोटंही नव्हतं. त्यातले १० लिटर स्टिअरिंगच्या पंपाचे होते. एकत्र कुटुंबाची कमाई सांगून धाकट्याचं लग्न जुळवावं, तसला हा प्रकार!

माझ्या मेव्हण्याला हे गणित मान्य नाही. त्याच्या मते प्रेशर असलं की झालं. कुणाकडून तरी तो स्किड स्टिअरचा, म्हणजे छोट्या लोडरचा, झाडोरा कापायचा हायड्रॉलिक ब्रश कटर मागून घेऊन आला. "भावजी, कपलर बसतोय म्हणजे चालणारच!" कपलर, म्हणजे होज जोडायचं खटक्याचं टोक, बसला, हे खरं. पण त्या कटरच्या मोटरला मिनिटाला निदान ६० लिटर लागत होते आणि आमची धार विसाची. प्रेशरने जोर येतो, वेग येतो तो प्रवाहाने. पातं गरगरायचं सोडून निवांत फिरायला निघाल्यासारखं फिरू लागलं. गवत त्याच्याखाली अदबीने वाकायचं, पातं पुढे गेलं की अंग झटकून उभं राहायचं. मेव्हणा बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "पातं बोथट आहे."

म्हणून मी लाकूड फोडण्याच्या यंत्रावर आलो. त्यात मोटर नाही, सरळ एक सिलिंडर. आतला व्यास, म्हणजे बोअर, १०० मिलिमीटर; दांड्याची धाव, म्हणजे स्ट्रोक, ६०० मिलिमीटर. १५० बारला हा गडी १२ टनांचा रेटा देतो. दांडा पूर्ण बाहेर यायला पावणेपाच लिटर तेल, म्हणजे १४ सेकंद. परतताना आत दांड्याचीच जागा अडलेली असते, तेल कमी लागतं, त्यामुळे तो ११ सेकंदांत घरी येतो. जाताना रेंगाळणारा आणि परतताना घाई करणारा एवढा एकच कामगार मी पाहिला आहे. एकूण, कमी प्रवाहाला सिलिंडरच मानवतो. वेळ लागतो, पण जोर तसूभर कमी होत नाही.

ही झाली कागदावरची बात. प्रत्यक्षात घोडं अडतं ते कपलरपाशीच.

यंत्र उन्हात पडलेलं. दोन्ही होजच्या टोकांना आपोआप मिटणारे कपलर, आत तेल कोंडलेलं. उन्हाने ते फुगतं, पण जायचं कुठे? मग टोकाची ती इवलीशी गोळी आतून अशी काही रेटून बसते की माणसाने सगळं वजन टाकलं तरी केसभर हलत नाही. आधी अंगठ्याने प्रयत्न होतो, मग तळहाताने, मग गुडघा टेकवून, मग पूर्वजांचा उद्धार करत. त्यानंतर लाकडाचा ठोकळा येतो. गोळी दबते, आणि तेलाची एक बारीक चिळकांडी नेमकी धुतलेल्या शर्टाचा वेध घेते. जुना शर्ट घातला की ती उडत नाही.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, म्हणूनच वेळेवर आठवत नाही. होज काढण्यापूर्वी इंजिन बंद करायचं, रिमोटचा लिवर दोन्ही बाजूंना नीट हलवून अडकलेलं प्रेशर सोडायचं, मगच कपलरला हात लावायचा. आणि यंत्र सावलीत ठेवायचं. कोंडलंच असेल, तर फडकं धरून एखादा नट हळूच किंचित सैल करायचा. चार थेंब गळतात आणि राग शांत होतो. यंत्राचा. आपला नाही.

जोडणी झाली की लिवरची गंमत. यंत्राला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो, तो ट्रॅक्टरमागे. रिमोटचा लिवर सीटजवळ, आणि सोडला की स्प्रिंगने मध्यावर येणारा. म्हणजे तेल सतत हवं तर एका माणसाने तिथे लिवर धरून बसायचं. मेव्हण्याने ही जबाबदारी आनंदाने घेतली असती, पण तो बसला की बोलतो. मी अडकून राहणारा लिवर बसवून घेतला. तेही एका बाजूलाच अडकणारा, कारण दुसरीकडे गेला की तेल यंत्राच्या व्हॉल्व्हमध्ये परतीच्या दारातून घुसतं. ती बाजू पूर्ण प्रेशर सोसायला बनवलेलीच नसते. व्हॉल्व्हच्या अंगाला तडा जाऊ शकतो. होजला आणि लिवरला मी लाल चिकटपट्टी लावली. "दोन्ही पाइप सारखेच तर आहेत," असं मेव्हणा म्हणाला, म्हणून पट्टी आणखी रुंद लावली.

मग अवजार उचलणारी लिफ्ट संपावर गेली. यंत्र थ्री पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांच्या जोडणीवर, टांगलेलं. एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे न्यायचं म्हणून लिफ्टचा लिवर ओढला, तर हूं नाही की चूं नाही. आमच्या मेव्हण्याने लगेच पंप गेल्याचं जाहीर केलं. पंप ठणठणीत होता. आमच्या ट्रॅक्टरात तेल आधी रिमोटकडे जातं, तिथून पुढे लिफ्टकडे. रिमोट अडकवून ठेवला की तेल यंत्रातून फिरून सरळ टाकीत परततं आणि लिफ्टच्या वाट्याला भोपळा येतो. लिवर मध्यावर आणला, लिफ्ट उठली. मेव्हणा म्हणाला, "मी तेच म्हणत होतो."

पण खरी परीक्षा गाठ्याळ ओंडक्याची. दांडा येतो, पाचर टेकते, थांबते. ट्रॅक्टर कण्हू लागतो. बघणाऱ्याला वाटतं आता फुटणार, आणि तो "ठेवा, ठेवा, दाबून ठेवा" म्हणून चेव आणतो. फुटत काहीच नसतं. रिलीफ व्हॉल्व्ह उघडलेला असतो आणि पंपाने दिलेले पाचच्या पाच किलोवॉट तेल तापवण्यात खर्ची पडत असतात. फिरतं तेल २० लिटर धरलं, तर मिनिटाला सुमारे ९ अंश. बरं, हे तेल एकट्या हायड्रॉलिकचं नाही. लहान ट्रॅक्टरांत बहुधा गिअरबॉक्सही त्याच तेलात अंघोळ करत असतो. ते ८० अंशांच्या वर गेलं की पातळ होतं, पंपात आतल्या आत निसटायला लागतं, रेटा घटतो आणि सील कडक होतात. ओंडका मात्र थंडच. माझा नियम असा: कण्हणं ऐकू आलं की लगेच लिवर सोडायचा, ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूने घ्यायचा. तरी हटला नाही तर त्याला बसायचं स्टूल म्हणून बढती द्यायची. माझ्याकडे आता बरीच स्टुलं आहेत.

गळतीबद्दल माझी तक्रार नाही. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यालाही गळतीनेच छळलं होतं. प्रेशर वाढेल तसं घट्ट बसणारं चामड्याचं सील लावून ती थांबवण्याचं श्रेय त्याच्याकडेच कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्लीला देतात. ज्या दुखण्याने ब्रामाला सोडलं नाही ते माझ्या कपलरला सोडेल कशाला? मी खाली एक डबा ठेवतो. ओरडतो फक्त एकाच गोष्टीवर. चालू यंत्राच्या होजवर कुठेतरी तेलाचं धुकं दिसलं आणि मेव्हणा बोट लावून भोक शोधायला निघाला, तेव्हा मी असा किंचाळलो की तो मागच्या मागे बसला. सुईएवढ्या भोकातून येणारी ती धार कातडीत शिरते, वर नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो, आणि आतल्या तेलापायी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. हात गमवायचीही वेळ येते. इंजिन बंद करून पुठ्ठा आणला, लांबून होजवर धरला, परत चालू केलं. पुठ्ठ्यावर डाग उमटला, होज बदलला. मेव्हणा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प होता.

दुसऱ्या दिवशी तो पीटीओवर चालणाऱ्या पंपाचा प्रस्ताव घेऊन आला. कल्पना चूक नाही. पीटीओच्या ५४० फेऱ्या वाढवणारा गिअरबॉक्स, त्यावर पंप, मिनिटाला ४५ लिटर, म्हणजे पंधरा घोडे होजमध्ये. पण मग मिनिटाच्या प्रवाहाइतकं तरी तेल मावेल अशी वेगळी टाकी आली, तिचं ओझं आलं, गाळणी आली. ब्रश कटरसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा थेट पीटीओवर फिरणारा कटर घेतलेला बरा. शाफ्टची शक्ती तेलात घालून पुन्हा शाफ्टवर आणताना चांगलीच घट येते. लाकडाला तर गरजच नाही. "१४ सेकंद म्हणजे अतीच हळू हो, भावजी," हे त्याचं पालुपद चालूच होतं, म्हणून त्यालाच ओंडके लावायला बसवला.

थ्रॉटल पुरता वर. दांडा जातोय, येतोय. फुटलेली दोन फाकं उचला, फेका, पुढचा ओंडका आडवा घाला, गाठ बघून फिरवा, तोवर दांडा पुन्हा हजर. सुरुवातीला तो मजेत होता. मग शर्टाची बटणं उघडली. मग बोलणं थांबलं, हे मी मुद्दाम नोंदवतो. शेवटी धापा टाकत म्हणाला, "भावजी, इंजिन जरा उतरवा की!"

उतरवलं. फेरे एक तृतीयांशावर आले, पंपाची धार सात लिटरांवर, आणि दांड्याला बाहेर यायला ४० सेकंद लागू लागले. एवढ्या अवधीत मेव्हणा ओंडका लावून, घाम पुसून, एका स्टुलावर टेकून निवांत झाला आणि म्हणाला, "काय म्हणतो, टॉप लिंकसुद्धा, थ्री पॉइंटचा तो वरचा दांडा, हायड्रॉलिक करून घेऊ. एक सिलिंडर, दोन होज, बास!"

मी थ्रॉटल परत वर नेला.